दोन फुटांची टाकी, एकच संसार

बोईसर स्टेशनच्या पूर्वेकडून चिल्हारच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात बेटेगाव येतं. भातखाचरांच्या कडेने इथे मोठमोठी गृहसंकुलं उभी राहिली आणि वन-बीएचके घरांत एमआयडीसीत कामाला असणारी कुटुंबं राहायला आली. कुत्रा पाळायला जागा नाही, मांजर सोसायटीला चालत नाही. त्यामुळे पोरांचा हट्ट शेवटी काचेच्या टाकीवर येऊन थांबतो. टाकी बहुतेक वेळा ठरलेल्या मापाची असते. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच.

मी तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासते. बॉयलरचं, कूलिंग टॉवरचं, बोअरचं. घरी आल्यावरही माझं पाण्याशीच काम असतं, कारण माझ्याकडे मासे आहेत, आणि तेही सिक्लिड. म्हणून विंगमध्ये कुणाकडे नवी टाकी आली की प्रश्न माझ्याकडे येतो. परवा वरच्या मजल्यावरचा सातवीतला मुलगा मोबाइलवर फोटो घेऊन आला.

“काकू, ऑस्कर घेऊ? दुकानात बघितला. दोन इंचाचाच आहे.”

“अरे, आत्ता दोन इंचाचा आहे. पट्टी आण बरं तुझी, शाळेतली फूटपट्टी.”

त्याने आणली. ऑस्कर पूर्ण वाढला की या पट्टीएवढा होतो, असं मी त्याला सांगितलं, आणि ती पट्टी टाकीत आडवी, म्हणजे रुंदीच्या बाजूने धरायला लावली. ती दोन्ही काचांना टेकली. माशाला वळायला जागाच उरत नाही, हे पोराला न सांगता कळलं.

माझं सगळं म्हणणं या पट्टीत येतं. लहान टाकीसाठी सिक्लिड निवडायचा तो त्याच्या पूर्ण वाढीवरून, त्याच्या स्वभावावरून आणि आपल्या नळाला येणाऱ्या पाण्यावरून. दुकानातला आकार आणि रंग यांवरून निवडलेला मासा वर्षभरात एक तर टाकी अपुरी पाडतो, नाहीतर टाकीतले बाकीचे मासे संपवतो.

सिक्लिड म्हणजे कोण?

सिक्लिड हे माशांचं एक फार मोठं कुळ आहे. शास्त्रज्ञांनी आजवर त्यातल्या 1,700 हून अधिक जाती नोंदवल्या आहेत आणि अजून नोंदवल्या जात आहेत. आफ्रिका, दक्षिण आणि मध्य अमेरिका, मादागास्कर, भारत आणि श्रीलंका हे त्यांचे मुख्य प्रदेश. दुकानातला एंजल, डिस्कस, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, पॅरट हे सगळे याच कुळातले. गोव्यात आवडीने खाल्ला जाणारा कालुंदर, म्हणजे केरळातला करिमीन, हाही सिक्लिडच, आणि तो अस्सल आपल्या देशातला. उजनीच्या धरणातली चिलापी, म्हणजे तिलापिया, हीसुद्धा सिक्लिड, पण ती आफ्रिकेतून आलेली पाहुणी.

या कुळाचं वेगळेपण पिल्लांच्या सांभाळात आहे. बहुतेक मासे अंडी टाकून निघून जातात. सिक्लिड जागा निवडतात, ती साफ करतात, अंड्यांवर पहारा देतात आणि पोहायला लागलेल्या पिल्लांना घेऊन हिंडतात. काही जाती पिल्लांना तोंडात सांभाळतात. डिस्कसची पिल्लं सुरुवातीला आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊन वाढतात. घरात सिक्लिड आणायचे ते हे बघायला मिळावं म्हणून. आणि हे बघायचं असेल तर त्या जोडीला संसाराएवढी हद्द द्यावी लागते. सिक्लिड हद्द राखणारा मासा आहे. दोन फुटांत एकच हद्द मावते, दुसरी जोडी टाकली की मारामारी ठरलेली.

टाकीचा हिशोब

दोन फूट बाय एक बाय एक म्हणजे 60 बाय 30 बाय 30 सेंटिमीटर. गुणाकार केला की 54 लिटर होतात. वाळू, दगड आणि वर सोडलेली मोकळी जागा वजा केली तर खरं पाणी 45 लिटरच्या आसपास. एवढ्या पाण्यात माशाची घाण लवकर साठते, तापमान लवकर चढतं आणि उतरतं. लहान टाकी सांभाळायला सोपी असते हा समज यासाठीच खोटा आहे. लहान टाकीला शिस्त जास्त लागते.

या मापाच्या टाकीत काय आणू नये, ते आधी सांगते. ऑस्कर फूटभर वाढतो. फ्लॉवरहॉर्न हा मलेशियात 1990 च्या दशकात संकरातून तयार झालेला मासा. कपाळावरच्या उंचवट्यामुळे तो वास्तूसाठी शुभ म्हणून विकला जातो. तोही दहा इंचांच्या पुढे जातो आणि दुसऱ्या कुणालाच टाकीत राहू देत नाही. एंजल अंगाने लहान वाटतो, पण पर धरून त्याची उंची सात-आठ इंच होते, त्याला दीड फूट तरी खोल पाणी लागतं. डिस्कस कळपात राहणारा आणि पाण्याबाबत फार नाजूक. मलावी सरोवरातले पिवळे-निळे सिक्लिड चार-पाच इंचांचेच असतात, पण सतत एकमेकांच्या मागे लागलेले असतात. त्यांना लांब टाकी आणि गर्दी दोन्ही लागतात. कॉन्व्हिक्ट नावाचा काळ्या पट्ट्यांचा मासा सहज पिल्लं देतो म्हणून दुकानदार सुचवतात. तो अंडी घालतो तेव्हा दोन फुटांच्या सगळ्या टाकीवर हक्क सांगतो.

हे मासे वाईट नाहीत. त्यांची जागा मोठ्या टाकीत आहे. मुंबईत मरीन ड्राइव्हवर 1951 मध्ये तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं. तिथल्यासारख्या लांबरुंद काचेआड पोहणारा मोठा मासा ज्याने पाहिला आहे, तो त्याला बैठकीतल्या शोकेसवर कोंडणार नाही.

आधी पाणी, मग मासा

आमच्याकडे दोन तऱ्हेचं पाणी येतं. एक सूर्या नदीवरच्या धरणांचं आणि दुसरं बोअरचं किंवा टँकरचं. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि तूरडाळ लवकर शिजत नाही ते जड, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात हार्डनेसची, म्हणजे जडपणाची, स्वीकार्य मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरं पाणीच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. माणूस या दोन आकड्यांच्या मधे कुठेही जगतो. काही सिक्लिडना मात्र शंभरच्या खालचंच पाणी लागतं, तर काहींना तीनशेही मानवतं.

म्हणून दुकानात जाण्याआधी टाकीत जे पाणी भरणार आहात ते तपासा. अॅक्वेरियमच्या दुकानात हार्डनेस आणि सामू, म्हणजे पीएच, मोजायच्या पट्ट्या मिळतात. टीडीएस मीटर एकूण क्षार दाखवतो, हार्डनेस दाखवत नाही. आमच्याकडच्या काही बोअरना समुद्राजवळच्या भागात खारेपणा असतो. तिथे टीडीएसचा आकडा मोठा दिसतो आणि लोक पाणी नुसतं जड समजतात. मिठामुळे वाढलेला टीडीएस आणि कॅल्शियममुळे वाढलेला टीडीएस यांत माशाच्या दृष्टीने खूप फरक आहे.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते माशांच्या कल्ल्यांना पोळतं. पाणी रुंद तोंडाच्या बादलीत हवा सोडून रात्रभर ठेवलं तर साधं क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर दुकानात मिळणारं अँटी-क्लोरीन वापरा. त्यात बहुधा सोडियम थायोसल्फेट असतं, प्रयोगशाळेत आम्ही रोज हाताळतो तेच. आणि एक आमच्या गावापुरतं सांगते. पावसाचं पाणी मऊ असतं म्हणून ते गच्चीवर साठवून वापरायचा सल्ला पुस्तकांत असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या मूल्यांकनात तारापूर देशातल्या सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांत वरच्या क्रमांकावर होतं. इथल्या गच्चीवरचं पाणी माशांना देऊ नका. मऊ पाणी हवं असेल तर घरच्या आरओचं पाणी नळाच्या पाण्यात मिसळा.

पाणी जड असेल तर शंखातले मासे

बोअरवर राहणाऱ्यांना मी सगळ्यांत आधी सुचवते ते मल्टी. पूर्ण नाव निओलॅम्प्रोलोगस मल्टिफॅसिएटस. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातला हा सिक्लिड या कुळातल्या सर्वांत लहान जातींपैकी आहे. नर पावणेदोन इंचांचा, मादी त्याहून लहान. ते सरोवर जवळपास 1,470 मीटर खोल आहे, पण हे मासे राहतात तळावर पडलेल्या गोगलगाईंच्या रिकाम्या शंखांत. पाणी जड आणि अल्कधर्मी लागतं, सामू आठच्या आसपास. जे पाणी आपण बादलीत बघून नाक मुरडतो ते यांना मानवतं, फक्त त्यात खारेपणा नको.

शंख आमच्याकडे शोधावे लागत नाहीत. भात कापून झाल्यावर खाचरांच्या बांधावर मोठ्या गोगलगाईंचे रिकामे शंख पडलेले असतात. रुंद तोंडाचे, माशाला आत वळता येईल असे निवडायचे, आतला मांसाचा अंश पूर्ण काढायचा, उकळायचे आणि सुकवायचे. माशांपेक्षा शंख जास्त हवेत, प्रत्येकाला एकाहून अधिक. खाली दोन इंच बारीक वाळूचा थर द्या. बांधकामावरची क्रश सँड टोकदार असते, ती नको. नवापूर-चिंचणीच्या किनाऱ्यावरची वाळूही नको, तिच्यात मीठ असतं आणि आणखी काय असेल ते तुमच्या हातात नाही. चाळलेली, स्वच्छ धुतलेली नदीची बारीक वाळू उत्तम.

मासा सोडला की त्याचं काम बघत बसावं. तो शंखाच्या बाजूची वाळू तोंडात भरतो, दोन बोटं अंतरावर जाऊन थुंकतो आणि परत येतो. असं करत करत शंखाखालचा खड्डा खोल होतो, शंख कलतो आणि तोंड वर करून वाळूत बसतो. मग मासा कडेने वाळू ओढून फक्त दार उघडं ठेवतो. तुम्ही हाताने शंख हलवून नीट लावलात तर तो पुन्हा आपल्या मनासारखा करून घेतो. मादी शंखात अंडी घालते. काही दिवसांनी दाराशी डासाएवढा ठिपका हलताना दिसतो, ते पहिलं पिल्लू. मोठी झालेली पिल्लंही आईबापांच्या शेजारीच राहतात आणि त्यांना हाकललं जात नाही. दोन फुटांच्या टाकीत एक अख्खं एकत्र कुटुंब नांदतं. या टाकीत दुसरा कुठलाही सिक्लिड नको. मल्टी सगळीकडे मिळत नाहीत, मुंबईतल्या दुकानदाराकडे आधी सांगून ठेवावं लागतं.

पाणी मऊ असेल तर रॅम आणि अपिस्टो

नदीचं मऊ पाणी असेल तर दक्षिण अमेरिकेकडच्या बुटक्या जाती घ्या. रॅम हा व्हेनेझुएला आणि कोलंबियातल्या ओरिनोको नदीच्या खोऱ्यातला. दोन इंचांचा, अंगावर निळे ठिपके, डोळ्यावरून गेलेली काळी रेघ. त्याला पाणी 27 ते 30 अंश लागतं. बोईसरच्या उन्हाळ्यात हे आपोआप जमतं, पण डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे टाकी थंड होते, तेव्हा 50 वॉटचा हीटर हवाच. नव्या, न मुरलेल्या टाकीत रॅम टिकत नाही. जोडीने घ्यावा आणि दुकानात फार भडक दिसणाऱ्यापेक्षा खाताना चपळ असणारा निवडावा.

अपिस्टोग्रामा या गटातला काकाटुआ अपिस्टो त्याहून कणखर आहे. नर तीन इंचांचा, मादी दोन इंचांची. पिल्लं असताना मादी हळदीसारखी पिवळी होते आणि आपल्यापेक्षा मोठ्या नरालाही जवळ येऊ देत नाही. तिला झाडाची मुळं, सुकी पानं आणि लपायला गुहा हव्या. बदामाची सुकी पानं आपल्या इथे कुठेही मिळतात. रस्त्याच्या कडेची, धुरळा बसलेली पानं सोडून अंगणातली घ्यावी, धुवावी आणि एखादंच पान टाकावं.

ज्याला काहीच मोजायचं नाही, त्याला क्रिबेन्सिस

पहिल्यांदाच सिक्लिड पाळणाऱ्याला मी क्रिबेन्सिस सांगते. नायजेरियाकडचा हा मासा मध्यम पाण्यात सहज राहतो, 24 ते 27 अंश त्याला पुरतात. नर चार इंचांपर्यंत, मादी तीन इंचांच्या आत. दोन फुटांत एक जोडी राहते, अडीच फुटांची टाकी असेल तर जास्त चांगलं.

नारळाची अर्धी करवंटी घ्या, उकळून काढा, कडेला बोटभर खाच पाडा आणि पालथी ठेवा. अंडी घालायच्या दिवसांत मादीचं पोट पिकल्या जांभळासारखं होतं. ती नरासमोर अंग वाकवून ते पोट दाखवते, म्हणजे पुढाकार तिचा. मग दोघं करवंटीतली वाळू बाहेर काढतात, आणि अंडी करवंटीच्या आतल्या छताला चिकटतात. आठवड्याभराने पिल्लांचा ढग घेऊन ती बाहेर पडते. एखादं भरकटलं तर तोंडात घेऊन परत ढगात सोडते. आणि माझ्यासारख्या पाणी तपासणारीला यात एक आश्चर्य आहे. पाणी आम्लधर्मी असेल तर क्रिबेन्सिसच्या पिल्लांत नर जास्त निघतात. पाण्याचा सामू पुढची पिढी ठरवतो.

टाकी लांब, निदान अडीच-तीन फुटांची करता येत असेल तर आपल्या किनारपट्टीचा ऑरेंज क्रोमाइड बघा. तीन इंचांचा हा मासा दक्षिण भारत आणि श्रीलंकेच्या खाड्यांतला. कालुंदराच्या अंगावरचे परजीवी तो खातो, असं अभ्यासकांना आढळलं आहे. परदेशी मासा हवाच असा हट्ट धरण्याआधी आपल्या घरच्या माशाची ओळख करून घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

टाकी लावताना

54 लिटरची टाकी पाणी, काच आणि वाळू धरून 70 किलोच्या घरात जाते. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरी पट्ट्यात नोव्हेंबर 2018 पासून धरणीकंपाचे छोटे धक्के येत राहिले आहेत. म्हणून डगमगत्या टेबलावर किंवा टीव्हीच्या कॅबिनेटवर टाकी ठेवू नका. लोखंडी स्टँड, खाली सपाट प्लाय आणि त्यावर थर्माकोलची पट्टी, भिंतीला लागून.

टाकी भरल्यावर मासा लगेच सोडायचा नाही. माशाच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजात वाढणारे जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे जिवाणू वाढायला महिना ते दीड महिना लागतो. ओळखीच्या कुणाच्या चालू टाकीतला स्पंज पिळून आणला तर काम लवकर होतं. जड, अल्कधर्मी पाण्यात अमोनिया जास्त विषारी ठरतो, त्यामुळे मल्टी पाळणाऱ्यांनी तर थांबलंच पाहिजे. पुढे दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचं. टाकी पूर्ण रिकामी करून साबणाने घासण्याची सवय जिवाणू मारते आणि मासेही.

डहाणू लोकलने मुंबईहून मासे आणणाऱ्यांनी पिशवी बॅगेत कपड्यांत गुंडाळावी, म्हणजे अंधार आणि ऊब दोन्ही राहतात. घरी आल्यावर पिशवी टाकीत तरंगत ठेवावी आणि पेल्याने टाकीतलं पाणी हळूहळू पिशवीत घालावं. पिशवीतलं पाणी मात्र टाकीत ओतू नये, मासा जाळीने उचलून सोडावा.

आणखी एक गोष्ट घरोघरी चुकते. एअर पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो. मच्छर अगरबत्ती, लिक्विडची मशीन, झुरळांचा स्प्रे यांतली द्रव्यं माशांना अगदी थोड्या प्रमाणातही मारतात. टाकी असलेल्या खोलीत मच्छरदाणी वापरा. पेस्ट कंट्रोलवाले येतील त्या दिवशी पंप बंद करून टाकी ओल्या कापडाने झाका. पावसाळ्यात वीज गेली की बॅटरीवर चालणारा छोटा पंप उपयोगी पडतो, तो आधीच घेऊन ठेवा.

पिल्लं वाढली की

नीट निवडलेली जोडी पिल्लं देणारच, आणि हा प्रश्न आधी सोडवून मगच मासा आणावा. पिल्लं दुकानदाराला द्या, शेजाऱ्यांना द्या, पण सूर्या नदीत, गावच्या तळ्यात किंवा नाल्यात सोडू नका. 1952 मध्ये मोझांबिक तिलापिया खाण्यासाठी म्हणून भारतात आणला गेला. आज देशभरातल्या तळ्यांत आणि धरणांत तो पसरला आहे आणि जिथे गेला तिथे स्थानिक माशांची जागा खाल्ली आहे. जो सिक्लिड टाकीत पिल्लांचा इतका जपून सांभाळ करतो, तोच बाहेर मोकाट सुटला की याच गुणामुळे इतर माशांना हटवतो.

वरच्या मजल्यावरच्या मुलाला मी हे सगळं सांगितलं आणि दुकानात जाताना तीन गोष्टी विचारायला लावल्या. हा मासा पूर्ण वाढला की किती मोठा होतो, त्याला कसं पाणी लागतं, आणि दोन फुटांत तो आणखी कुणाला राहू देतो का. ज्या दुकानदाराला यांची उत्तरं देता येत नाहीत त्याच्याकडून मासा घेऊ नये. उत्तर मिळालं आणि ते आपल्या टाकीला जुळलं, तर निर्धास्त घ्यावा. दोन फूट जागा ही फार कमी नाही. एका जोडीला तेवढी मोकळी दिली की ती घर बांधते, भांडते, पोरं वाढवते, आणि बेटेगावच्या वन-बीएचकेतल्या पोरांना हे सगळं शाळेचं दप्तर बाजूला ठेवून रोज समोर बघता येतं.